उजवा कान

अमळनेरला, डॉक्टर फिरकेंच्या दवाखान्यात
तीस वर्षं टांगलेला तक्ता:
कानाची अंतर्गत रचना, उजवा.
खाली कोपऱ्यात सही, सुकलाल पेंटर,
जो एरवी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर मोर काढायचा.
शंख त्याने मोरपिशी रंगवलाय,
चेतातंतू हळदीचा,
आणि वळसा उलटा.

माझ्या लक्षात आलं दुसऱ्या दिवशी.
ट्रेसिंग पेपर पालथा पडला असणार,
शिशाची बाजू वर की खाली, चूक एवढीच,
आणि तीस वर्षं लोक उजव्या कानाला हात लावून
डाव्या कानाकडे बघत बसले.
डॉक्टर म्हणाले, "चालतं हो. बरे झालेच ना सगळे?"
मग जरा थांबून, "बरेचसे."

नवा तक्ता माझ्याकडे आला.
बारीक टोकाचं पेन, चिनी शाई, ठिपके.
सावली रेघेने ओढायची नाही,
ठिपक्या-ठिपक्याने दाट करत न्यायची.
उजेड डावीकडून, वरून. नियमच आहे तसा.
पण कवटीतल्या सगळ्यात कठीण हाडात
कुठला आलाय उजेड?
दोन गवाक्षं आहेत तिथे, एक लांबट, एक गोल,
दोन्ही बंद.
लांबट खिडकीत रिकीब रुतलेली,
तांदळाच्या कणीएवढी.
घोडा नाही, स्वार नाही.
ती हलते. मागचं पाणी हलतं.

तीन नळ्या, एकमेकींशी काटकोनात.
त्यांच्या पायथ्याच्या पिशवीत खडूचे कण,
ज्यांच्यामुळे मागच्या आठवड्यात मामी
खाटेवरून उठता उठता भिंत धरून बसली
आणि घर थांबवा म्हणाली.
ते कण मी पांढऱ्या शाईने काढले. एकेक.

शंखाचे वळसे अडीच.
पहिल्यात बारीक आवाज: चिमणी, पैंजण, स, श, च.
टोकाला जाडे: म्हैस, ढोल,
सुरतेकडे जाणारी मालगाडी.
आत केसांच्या चार ओळी, तीन बाहेरच्या, एक आतली.
"सगळे उभे काढा," डॉक्टर म्हणाले,
"तक्त्यावर कान निरोगीच असतो."
काढले. सगळे उभे.
कुणाचा कान हा?
माझ्या ओळखीत तरी कुणाचा नाही.

रात्री एक वेगळा काढला, पाठकोऱ्या कागदावर.
आप्पा एकतीस वर्षं जिनिंगमध्ये फिटर होते.
पहिला वळसा: वावटळीनंतरची केळीची बाग,
एकाच अंगाला आडवी.
तिथे शाई फार लागली नाही.
उजवाच काढला. खिडकीशी धरून दोनदा तपासलं.

सकाळी तो कागद त्यांच्याच हाती लागला.
"हाई काय शे?"
मी त्यांच्या कानाला हात लावला.
त्यांनी कागद डोळ्यांशी नेला, मग लांब धरला.
"मना कानमा इतलं शे?"
बराच वेळ काही नाही.
"मंग आवाज कथा अडकस?"
मी बोट ठेवलं.
ते बोटाच्या पुढे गेले,
वळशावरून वर, पार टोकापर्यंत,
नव्या मशीनचा नकाशा वाचतात तसे.
"वरला मजला ते सबूत शे ना!
जाडा आवाजमा बोल मंग."

घसा उतरतो तेवढा उतरवला मी,
पार तळाला जाऊन म्हटलं, "आप्पा, चहा?"

"दहा?" ते म्हणाले. "दहा वाजनात?"
आणि घड्याळाकडे वळले.

स्वर दोन्ही पोचले होते. ह सुद्धा.
घड्याळात साडेसात.